स्वतःची छडी करायची आहे. कडुनिंब तडकला, आता कोणतं लाकूड?

तापीकाठची

नमस्कार मंडळी. गाव यावल तालुक्यातलं, नोकरी जळगावात, एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये. दिवसभर गाड्यांचे नंबर, बिल्टी आणि एक्सेल. तीन वर्षांपासून टॅरो, म्हणजे भविष्याचे चित्रपत्ते, वाचते. दीडेक वर्ष झालं, विक्काच्या, म्हणजे इंग्लंडातून आलेल्या आधुनिक चेटूकपंथाच्या, वाटेने थोडी साधना करते. एकटीच, गच्चीवर, पौर्णिमेला अर्धा तास. कुणाला त्रास नाही, कुणाकडून पैसे नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागे एकदा असाच विषय काढला तेव्हा निम्मी उत्तरं 'लग्न करून टाक' अशी आली होती.

साधनेआधी भोवती वर्तुळ आखतात, ते आतापर्यंत बोटानेच आखायचे. यंदा मनात आलं की त्यासाठी स्वतःच्या हाताने छडी करावी. ऑनलाइन मिळतात, पण हातात घेतल्यावर खेळण्यासारख्या वाटतात, ओतीव आणि वर रंग.

पाडव्याला गावी गेले होते. गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा तोडला तेव्हा त्याच फांदीतून अंगठ्याएवढी जाड, बऱ्यापैकी सरळ काठी काढून घेतली. झाडाला विचारलं, बुंध्याला तांब्याभर पाणी घातलं. जळगावात आल्यावर साल सोलली आणि लवकर वाळावी म्हणून गच्चीवर पत्र्यावर ठेवली. चौथ्या दिवशी दोन्ही टोकांना तडकली. एका भेगेत एटीएम कार्ड उभं राहतं. त्यावर माझं शहाणपण असं, की भेग मिटेल म्हणून शेंगदाण्याचं तेल चोळलं. आता ती चिकट झालीय, धूळ धरून बसलीय, आणि काल रात्री तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती.

तर विचारायचं असं की आपल्याकडे खान्देशात कोणतं लाकूड घ्यावं? पुस्तकांत सगळीकडे हेझल, ओक, एल्डर, विलो. त्यातलं एकही झाड मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. लांबी किती ठेवतात? आणि लाकूड वाळवायचं कसं, हे कुणीतरी नीट सांगा. बाकीची साधनं, म्हणजे कप, चाकू वगैरे, घरचीच चालतात का, तेही सांगा. आईला 'क्राफ्टचं काम आहे' असं सांगितलंय. आजीला अजून काहीच नाही.

फुकटचा_सल्ला

शेंगदाण्याचं तेल लावलंच आहे तर लसूण-मिरचीची फोडणी पण द्या. जमलं तर जमलं, नाही तर भरीत.

भुसावळ_जंक्शन

तापीकाठची, वरच्याकडे लक्ष देऊ नकोस. मी अकरा वर्षं या वाटेवर आहे, रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत. माझी पहिली छडी निलगिरीची होती आणि तीही तडकली होती, तेव्हा तू काही वेगळा पराक्रम केलेला नाहीस.

हेझल कुठून आलं ते आधी सांगते. राजा सॉलोमनच्या नावावर चालणारा एक जुना युरोपी ग्रंथ आहे, त्यात छडीची रीत दिलेली आहे: लाकूड हेझलचं किंवा नट लागणाऱ्या झाडाचं, एकाच वर्षाची वाढ असलेलं, बुधवारी सूर्योदयाला, एका घावात तोडलेलं. बुधवार का, तर तो मर्क्युरीचा वार. आता गंमत बघ, आपल्याकडेही तो वार बुधाचाच, म्हणजे त्याच ग्रहाचा. मला वाटलं, वा, मग बुधाचं झाड घेऊन टाकू. नवग्रह होमातल्या समिधा आठवल्या: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी. आणि बुधाला? आघाडा! ऋषिपंचमीला दात घासायला आणतो तो. त्याची छडी करायला घेतली तर खडूएवढी पण भरणार नाही. तिथे मी तो हिशोब सोडून दिला.

साधनं कोणती, यावर सगळ्यांचं एकमत नाही, त्यामुळे 'हेच बरोबर' असं कुणी ठणकावून सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे. १८८८ मध्ये लंडनला 'गोल्डन डॉन' नावाची गूढविद्येची मंडळी जमली. त्यांच्यात चार साधनं चार तत्त्वांची: छडी अग्नीची, खंजीर वायूचा, पेला पाण्याचा, चकती पृथ्वीची. तुझ्या टॅरोच्या पत्त्यांत हेच चार गट आहेत, तेव्हा हे तुला नवं नाही. विक्का त्यामानाने कालची. इंग्लंडात चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर उघडपणे लिहायला लागले. त्या परंपरेत काळ्या मुठीचा चाकू, त्याला अथामे म्हणतात, आणि त्याने काही कापायचं नसतं, फक्त दिशा दाखवायची. वनस्पती कापायला वेगळा पांढऱ्या मुठीचा. काही लोक छडी वायूला देतात आणि चाकू अग्नीला. मी पण तसंच करते, कारण झाडाची फांदी वाऱ्यावर हलते, आणि पातं भट्टीतून निघतं. शास्त्र काही नाही, मला पटलं म्हणून.

छडी झाली की तिला चारही तत्त्वांतून फिरवतात: धुरावरून, ज्योतीवरून, पाणी शिंपडून, मिठाला टेकवून. धुरासाठी फ्रँकिन्सेन्स हा परदेशी धूप मागवू नकोस. आपल्या सातपुड्यातली सालई त्याच कुळातली आहे. तिचा डिंक पूजेच्या दुकानात मागितला तर मिळतो, निखाऱ्यावर टाकला की वास जवळपास तोच.

आणि टोकाला स्फटिक लावायचा विचार असेल तर एक सांगते, हे वाचून मला स्वतःलाच हसू आलं होतं. मी अमेरिकेतल्या एका बाईच्या व्हिडिओत बघितलेला अपोफिलाइट नावाचा स्फटिक शोधत होते. किंमत बघून डोळे फिरले. खाली लिहिलं होतं: मूळ ठिकाण, जळगाव, इंडिया. आपल्या काळ्या पाषाणात, विहिरी आणि खाणी खोदताना, पोकळ्यांमध्ये अपोफिलाइट, स्टिलबाइट यांचे खडे निघतात. जगभरचे खनिज गोळा करणारे लोक जळगावचं नाव त्यामुळे ओळखतात. आपण केळी आणि सोनं सांगत बसतो. पण छडीला अपोफिलाइट लावू नकोस. तो एका बाजूने सपाट सुटतो, कडकपणा दहाच्या मापावर साडेचार-पाच, आणि तापवला की पापुद्रे निघतात. मी गरम डिंकाच्या बंदुकीने चिकटवायला गेले आणि टोक हातात आलं. साधा क्वार्ट्झ लाव, त्याचा कडकपणा ७. किंवा काहीच लावू नकोस.

सुतारनाना

ताई, जादूतलं मला काही कळत नाही. लाकडातलं कळतं. अमळनेरकडचा सुतार, तिसरी पिढी. वडील गाडे, नांगर, तिफणी करायचे, मी आता दारं, देव्हारे आणि मॉड्युलर किचन करतो. देव्हारे करताना बरं वाटतं, किचनचं काय सांगू. नातवाने तुमचा प्रश्न वाचून दाखवला, उत्तर मी सांगतोय आणि तो टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखन त्याच्या नावावर.

तुमची काठी का तडकली ते ऐका. लाकडातलं पाणी बाजूने हळू जातं आणि कापलेल्या टोकातून भराभर जातं, कारण नळ्या उभ्या असतात. टोक आधी आकसतं, आतलं अजून ओलं, तिथेच चीर पडते. तुम्ही साल सोलली, म्हणजे अंगावरचं पांघरूणही काढलं. वर जळगावचा चैत्र आणि खाली पत्रा. बिचारीने चार दिवस काढले हेच खूप.

दुसरी गोष्ट अशी की गोल काठी अख्खी ठेवली की मधला गाभा आतच राहतो. लाकूड घेराच्या बाजूने जेवढं आकसतं त्याच्या जवळपास निम्मंच मध्यापासून सालीकडे आकसतं. हा हिशोब कुठेतरी फिटायला हवा, तो भेगेत फिटतो. म्हणून आम्ही बारीक नग करायचा असला तरी जाड लाकूड चिरतो आणि गाभा सोडून बाजूचा तुकडा घेतो. अख्खी फांदीच हवी असेल तर साल राहू द्या, दोन्ही टोकं वितळलेल्या मेणबत्तीत बुडवा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पलंगाखाली ठेवून विसरा. विसरा म्हणजे अगदीच नाही. आठवड्याला एकदा वजन करा, सोनाराचा छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. आज ८२ ग्रॅम, पुढच्या आठवड्यात ७७, असं उतरत जाईल. लागोपाठ तीन आठवडे आकडा हलला नाही की समजा लाकूड घरच्या हवेला आलं. अंगठ्याएवढ्या फांदीला दोन-तीन महिने धरा.

ते 'एका वर्षाची फांदी, एका घावात' असं भुसावळच्या ताईंनी लिहिलं, त्यावर मी दोन दिवस विचार केला. आपल्या निंबाची वर्षाची फांदी म्हणजे पेन्सिल, आत भुसा. तिची छडी कसली होते? मग नातवाने त्या हेझलचे फोटो दाखवले. ते झाड बुडातून छाटतात आणि मग त्याला सरळ लांब फोक फुटतात, त्यांच्या तिकडे कुंपणं आणि कुडं विणतात. अहो, ही तर आपली निरगुडी! नदीकाठची निरगुडी छाटा, पुढच्या वर्षी बुंध्यातून सरळ सरळ फोक येतात, आपल्याकडेही त्याची कुडं आणि टोपल्या झाल्या. झाड वेगळं, कुळ वेगळं, पण काम तेच. त्यांच्या जुन्या पुस्तकवाल्याने दाराशी जे सरळ मिळत होतं ते लिहिलं. तुमच्या दाराशी निरगुडी आहे. विळ्याच्या एका घावात तुटते पण.

लांबी तुम्ही विचारली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत घेतात असं नातू वाचून सांगतो. याला आपण 'एक हात' म्हणतो, २४ अंगुळे. माझ्या वडिलांनी फूटपट्टी फार उशिरा धरली, तोवर सगळं हातावर. ज्याचं औजार त्याचाच हात धरून मापायचे. बैल हाकणारा बुटका असेल तर रुमणं, म्हणजे औताचा हातात धरायचा दांडा, आखूड. तुम्ही तुमचा हात मोजा, माझा मोजून उपयोग नाही.

लाकडांबद्दल थोडं. अंजन आपल्या भागाचं, जड इतकं की पाण्यात बुडतं, रंग काळपट तांबडा आणि देखणा. पण हाताने कोरायला जाऊ नका, माझ्या पटाशीची धार गेली आहे त्याच्यावर. शिसव मिळाला तर उत्तम. चंदन विचारूच नका, झाडामागे पोलीस आणि चोर दोन्ही. यावल अभयारण्यातून सागाची वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, तो गुन्हा आहे. कण्हेरीच्या काठ्या सरळ असतात म्हणून कुणाला मोह होतो, पण ते झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी, तिची छडी करून त्याच हाताने भाकरी खाणार का? रुईचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना.

माझं विचाराल तर नवीन काही तोडूच नका. शेतकऱ्याचं घर आहे ना? मग पडवीत, माळ्यावर, गोठ्यात चाळीस-चाळीस वर्षं वाळलेलं लाकूड पडलेलं असणार. मोडकं औत, जात्याचा खुंटा, मुसळ, गाड्याचा तुकडा. ते जेवढं आकसायचं होतं तेवढं आकसून बसलेलं आहे, आता तडकणार नाही. फक्त खिळे बघून घ्या. लोहचुंबक फिरवा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

तेलाचं राहिलं. शेंगदाणा, सरकी, खोबरेल, यातलं काहीही लाकडावर नीट सुकत नाही. वर्षभर तसंच ओशट राहतं आणि मग खवट होतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, ते लावा. अगदी पातळ हात, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून काढा, दोन-तीन दिवस थांबा, पुन्हा. असे चार-पाच हात. आणि एक गोष्ट कानाला खडा लावून ऐका. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, चोळामोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. माझ्या दुकानात भुशाच्या पोत्यावर टाकलेल्या फडक्यातून धूर आला होता, दुपारी चारला, कुणी काडी न लावता. वापरलं की पाण्यात बुडवा. नाहीतर तुमची खरीच जादू व्हायची.

मुठीला तांब्याची तार गुंडाळायची असेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. आपल्याकडे गावोगाव आहेत, विहिरीवरच्या मोटारी जळायला काय उशीर लागतो? जुनी तार वजनावर देतील. तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढा तेव्हा खरा तांब्याचा रंग दिसेल.

अक्राणीचा_मास्तर

मी धडगावकडच्या आश्रमशाळेत शिकवतो. सुतारनानांचं उत्तर छान आहे, भुसावळच्या ताईंची माहितीही बरोबर असेल. पण मला वेगळं काही बोलायचं आहे, आणि ते कडू लागणार आहे.

भुसावळच्या ताईंनी या मंचावर दुसऱ्या एका धाग्यात स्वतःला हौसेने 'चेटकीण' म्हटलं होतं. भुसावळच्या क्वार्टरमध्ये तो शब्द टोपीला लावायचं फूल असेल. आमच्या डोंगरात तो शब्द 'डाकीण' आहे, आणि तो बाई स्वतःला लावून घेत नाही, तिला लावला जातो. कुणाचं पोर तापाने गेलं, कुणाची म्हैस आटली, आणि भगताने बोट दाखवलं की त्या बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात. खून झालेले आहेत. बहुतेक वेळा ती विधवा असते आणि तिच्या नावावर थोडी जमीन असते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई त्यामुळे आता माहेरी राहते. याहून जास्त सांगणार नाही.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरात झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि मग कायदा. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजार ते पन्नास हजार. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी, सैतानी ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं, हा त्यात गुन्हा आहे. तुम्ही घरी बसून लाकडाची काठी घासली तर तो गुन्हा नाही. पण त्याच काठीने कुणाचा आजार काढतो, लग्न जमवतो म्हणून पैसे घेतले, तर प्रकरण बदलतं.

दुसरं, साधनांच्या नावाखाली ऑनलाइन 'हत्था जोडी' विकतात, दुर्मीळ मुळी म्हणून. ती मुळी नाही, घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय आहे, वाळवलेलं. घोरपड वन्यजीव कायद्यात सर्वांत वरच्या संरक्षणात. घरात सापडलं तर जेल. दिवाळीच्या सुमारास घुबडांचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. ताई तुम्ही तसलं काही विचारलेलं नाही, पण हा धागा वाचणारे इतर असतील.

एवढंच म्हणणं की गच्चीवर करा, पण गावी छडी घेऊन जाल तेव्हा जपून. तुम्ही सोमवारी बसने जळगावला परताल. गावात कुणाची गाय मेली तर बोट तुमच्याकडे नाही, तुमच्या आजीकडे जाईल.

भुसावळ_जंक्शन

मास्तर, टोपीचं फूल हा टोमणा लागला. तो शब्द मी काढून टाकते, मंच चालकांना विनंती केली आहे. माझी छडी मात्र ठेवणार.

अक्राणीचा_मास्तर

छडीला माझी हरकत नाही. मास्तर आहे, छडी माझ्याकडेही होती. आता तीही बेकायदा.

तापीकाठची

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन आले. मोठं उत्तर लिहिते, माफ करा.

मास्तरांचं वाचल्यावर दोन दिवस झोप नीट लागली नाही. आजीचं नाव मी विचारातच घेतलं नव्हतं. शेवटी ठरवलं की जे करायचं ते आजीला विचारूनच. घागर भरून झाली, पुरणपोळी-आमरस झाला, दुपारी ती ओसरीत पडली होती, तेव्हा तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. टॅरो, गच्ची, वर्तुळ, सगळं. ती ऐकत होती की पेंगत होती, कळत नव्हतं. मग म्हणाली, "कानबाईले सांग, काम व्हई जाई." कानबाई ही आमची खान्देशातली देवी, म्हणजे तिच्या हिशोबात हे नवस बोलण्यासारखंच काहीतरी. फार चूक पण नाही. कानबाईच्या वेळी आमच्याकडे चौरंग, नारळ, केळीचे खांब, रोटाचं मोजून घेतलेलं पीठ, यातली एकही वस्तू इकडची तिकडे झालेली तिला चालत नाही. माझ्या पुस्तकांतल्या बायका जेवढ्या काटेकोर असतात त्याहून ही जास्त.

मी तिच्याकडे जुनी रवी मागितली. ताकाची, तिच्या हाताने गुळगुळीत झालेली, दांडा सरळ. ठाम नाही म्हणाली. अजून लोणी काढते ती तिने, माझ्या छडीसाठी ताक कुणी बंद करायचं? तिचं बरोबर होतं. मग म्हणाली, माळ्यावर तिफण आहे ती बघ.

तिफण म्हणजे बैलाने ओढायचं पेरणीचं औत. ट्रॅक्टरची पेरणी सुरू झाल्यापासून ती वर टाकलेली. नळ्या उंदरांनी खाल्ल्या, एक दात गायब. पण रुमणं शाबूत, बाभळीचं, आजोबांच्या मुठीच्या जागी पिवळट चमक. आणि चाडं! मला ते फक्त 'चाड्यावर मूठ' या शब्दांतून माहीत होतं. हातात पहिल्यांदा घेतलं. ओंजळीएवढा लाकडी पेला, तळाला तीन भोकं. बी आजीच सोडायची, आजोबा बैलांमागे रुमणं धरून आणि ही चाड्यावर मूठ धरून. तिने मला करून दाखवलं, बसल्या बसल्या, रिकाम्या मुठीने. अंगठा आणि पहिल्या बोटातून दाणे सुटायचे असतात, सगळ्या मुठीतून नाही. तीन भोकांत सारखे. नाहीतर एक तास दाट, एक विरळ, आणि सासू महिनाभर बोलायची.

नाना, तुमचं लोहचुंबक मी आणलं नव्हतं. शेजारच्या काकांची करवत मागून आणली, आणि रुमण्याच्या मधोमध आत गंजून बसलेला खिळा लागला. करवतीचे दोन दात गेले. काका काही बोलले नाहीत, पण आईला नवीन पान आणून द्यावं लागलं. खिळ्याच्या वरचा तुकडा घेतला, माझा एक हात भरतो साडेसोळा इंच, तेवढा निघाला. चिरून, घासून, ८० नंबरपासून ४०० पर्यंत पॉलिश पेपर, तीन संध्याकाळ. वरचा करडा थर गेल्यावर आतून लालसर निघाली. आजोबांच्या मुठीची जागा मी घासलेली नाही. तिथे माझी मूठ जरा सैल पडते, त्यांचा हात मोठा होता. तार गुंडाळायचं रद्द केलं.

फडकी बादलीत बुडवली आहेत. आई विचारतेय ही बादली किती दिवस अशी ठेवायची.

चाडं कप म्हणून घ्यायचं होतं, पण पाणी थांबत नाही, साहजिकच. आधी भोकं मेणाने बुजवायचा विचार केला. मग वाटलं, ते बी सोडायचं भांडं आहे, त्याला पाणी धरायला लावण्यात काय अर्थ? तेव्हा चकतीच्या जागी, पृथ्वीचं म्हणून, चाडं. तळाशी कापडाचा तुकडा आणि वर मूठभर ज्वारी. पाण्यासाठी आपला नेहमीचा तांब्याचा गडू. चाकू मी घेतलेलाच नाही, घरी विळी आहे आणि आई तिच्यावर भाजी चिरते, ती कशाला पळवू.

गावी काहीच केलं नाही. छडी पिशवीत, वर टॉवेल, बसमध्ये मांडीवर. मास्तर, हे तुमच्यासाठी.

निघताना आजीने पिशवी उघडून बघितली. "हाई काय करी राहिनी व माय?" म्हणाली, पण मग चाड्याच्या तळाला बोट लावून तीनही भोकं तपासली.

नाना, एकच प्रश्न राहिला. चाड्यालाही जवस लावू का? आत ज्वारी आहे, तिला वास लागेल का?

सुतारनाना

लागेल. बाहेरून लाव, आतून कोरडं ठेव. आणि बी सोडून सोडून आत जी गुळगुळी आलेली असते ती कुठल्याच पॉलिशला येत नाही, तिला पेपर लावू नको.

रुमण्याची मूठ घासली नाहीस ते बरं केलं. त्या तिफणीचं राहिलेलं लाकूड जाळू नका, निरोप पाठव, मी कुणाला तरी पाठवून मागवून घेतो.

ज्वारीत पावसाळ्यात सोंडे होतील. तुझी ती तडकलेली काठी ज्या झाडाची, त्याचाच थोडा पाला सावलीत वाळवून चाड्यात टाक.

फुकटचा_सल्ला

नाना, माझ्याकडे एक मोडलेली रवी आहे. सांगा काय करू.

सुतारनाना

ताक बाजारातून आण.